वळचणीचे पाणी आढ्याला

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावी गेलात, तर बऱ्याच घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसतील. मुरबे हे समुद्रकाठचे मच्छीमारांचे गाव. दक्षिणेला खाडी आणि खाडीपलीकडे सातपाटी, पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, आणि उत्तरेला किनाऱ्याकिनाऱ्याने गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकायचे एक मोठे काम शिल्लक राहते. ते म्हणजे छप्पर नीट करणे. फुटलेली कौले बदलायची, सरकलेली जागेवर आणायची, किडलेल्या रिपा काढायच्या, पत्र्याचे हूक आवळायचे. या कामाला आपल्या भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे. तो शब्द म्हणजे शाकारणी.

छपराने आपल्या भाषेला असे पुष्कळ शब्द दिले आहेत आणि म्हणीही दिल्या आहेत. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जायचे नाही’ ही त्यांपैकीच एक. वळचण म्हणजे छपराची सर्वांत खालची कड, आणि आढे म्हणजे छपराचा सर्वांत वरचा कणा. खालचे पाणी वर चढणे अशक्य, तशी एखादी उलटी गोष्ट घडणे अशक्य, असा म्हणीचा अर्थ. पण मित्रांनो, ही गोष्ट अशक्य नाही. छपरावरचे पाणी वरच्या दिशेने चढते, आणि किती जोराच्या वाऱ्यात ते किती चढेल याचे गणित आठवीतल्या विद्यार्थ्याला करता येते. त्याच गणिताने वादळात छप्पर का उडते हेही कळते. ते गणित आपण करणार आहोत. पण आधी छपराची हाडे ओळखून घेऊ.

छपराचा सांगाडा

दोन उतरणींचे साधे घर डोळ्यांसमोर आणा. दोन्ही उतरणी जिथे मिळतात तिथे घराच्या लांबीभर एक जाड लाकूड टाकलेले असते. हे आढे. आढ्यापासून दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत उतरत आलेली लाकडे म्हणजे वासे. वाशांवर आडव्या, जवळजवळ ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रिपा. रिपांवर कौले बसतात. छपराच्या एका उतरणीला पाखे म्हणतात. दोन उतरणींचे घर दुपाखी, चारही बाजूंना उतरण असेल तर चौपाखी. वासे भिंतीच्या बाहेर हात-दीड हात काढलेले असतात, म्हणजे पाणी भिंतीवर न पडता दूर पडते. तिथे वळचण, आणि वळचणीवरून गळणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या. दोन पाखी आतल्या कोपऱ्यात मिळतात तिथे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. मोठ्या घरात मधे भिंत नको असेल तर आढ्याखाली लाकडाची किंवा लोखंडाची कैची घालतात. कैची म्हणजे त्रिकोणांची जुळणी. चौकोन दाबला तर तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. चार काड्या टाचण्यांनी जोडून पाहा, लगेच पटेल.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कौलाचे वजन रीप घेते, रिपेचे वासा घेतो, वाशाचे आढे आणि भिंत घेतात, आणि भिंतीचे जमीन. वजनाचा हा प्रवास वरून खाली असतो. आपल्याकडचे जुने सुतार हा प्रवास उत्तम जाणत. लाकूड किती जाड हवे, वाशांत किती अंतर हवे, हे त्यांच्या हातांत बसलेले असे. पण सगळा विचार वजन खाली नेण्याचा. वाशावर रीप ठेवली, एक खिळा मारला. भिंतीवर वासा टेकवला, तो आपल्या वजनानेच बसला. एखादे बळ खालून वर येईल आणि हा सगळा प्रवास उलटा करील, हा विचार या जुळणीत थोडाच आढळतो. जोवर छप्पर जड होते, तोवर त्याने फारसे अडतही नव्हते.

कौल आले कुठून?

या किनाऱ्यावर सर्वांत जुनी छपरे गवताची, भाताच्या पेंढ्याची आणि ताडा-माडाच्या पानांची. ती थंड असतात, पण दरवर्षी किंवा वर्षाआड बदलावी लागतात आणि आगीला फार भितात. त्यानंतर कुंभाराचे कौल. कुंभार चाकावर मातीची नळी ओढतो, एका तोंडाला थोडी रुंद, दुसऱ्याला थोडी अरुंद. ओली असतानाच तिला उभा चिरा देतो, आणि भाजल्यावर तिचे दोन अर्धे भाग होतात. हे नळीचे कौल. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी ओळ पालथी. उताण्या कौलांतून पाणी वाहते, पालथी कौले सांधे झाकतात. कल्पना नामी आहे; पण ही कौले हलकी, सुटी आणि एकमेकांत न अडकणारी असल्यामुळे मांजर धावले तरी सरकतात. दरवर्षीच्या शाकारणीचे हेही एक कारण!

आज आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो, त्याची कथा फ्रान्समध्ये सुरू होते. आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. प्रत्येक कौलाच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला उंचवटा. शेजारच्या कौलाचा उंचवटा या खाचेत बसतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझल मिशनचे जर्मन मिशनरी गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगलोरजवळ जेप्पू येथे अशा कौलांचा कारखाना काढला. तिथल्या नद्यांकाठची चिकणमाती या कामाला फार चांगली निघाली. मिशनचा हेतू लोकांना रोजगार देण्याचा होता, पण कौल इतके चालले की मंगलोरात कारखान्यांची रांगच लागली. मंगलोरहून ही कौले मचव्यांतून आणि फत्तेमाऱ्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत आणि पुढेही जात. अशा रीतीने एका फ्रेंच कल्पनेला कर्नाटकातल्या गावाचे नाव मिळाले आणि ती आपल्या कोकणी घराचे जणू चिन्हच होऊन बसली.

मंगलोरी कौल हाती आले तर उलटे करून पाहा. मागे दोन उंच टोके दिसतील. ती रिपेला अडकतात, म्हणून कौल खाली घसरत नाही. बऱ्याच कौलांना मागे एक छोटे भोकही असते. ते कशासाठी, हा प्रश्न मनात ठेवा. साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि २३-२४ सेंटिमीटर रुंद असे हे कौल दोन ते अडीच किलोग्रॅम भरते. कडा एकमेकांवर चढत असल्याने एका चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात. म्हणजे एका चौरस मीटरवर कौलांचा भार जवळजवळ ३५ किलोग्रॅम. हा आकडा पुढे लागणार आहे.

पाणी वर कसे चढते?

वरचे कौल खालच्या कौलावर सुमारे ८ सेंटिमीटर चढलेले असते. पावसाचे पाणी आत यायचे असेल तर त्याला या ८ सेंटिमीटरच्या फटीतून उतरणीवर उलटे चढावे लागेल. वारा नसेल तर ते चढणार नाही. पण समोरून वारा आला की तो पाण्याला ढकलतो. किती जोराने?

त्यासाठी एक सोपे सूत्र आहे. वाऱ्याचा वेग दर सेकंदाला किती मीटर तो काढा, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. उत्तर म्हणजे दर चौरस मीटरवर वारा किती न्यूटन बळ लावू शकतो. हे ०.६ कुठून आले? एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते, त्याचे ते निम्मे. गतिज ऊर्जेच्या सूत्रातला तो ‘निम्मे’च इथे आला आहे. न्यूटनला ९.८ ने भागले की किलोग्रॅमच्या वजनाइतके बळ मिळते.

ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा घ्या. म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. २८ चा वर्ग ७८४, त्याला ०.६ ने गुणले की ४७०. त्याला ९.८ ने भागले की ४८. म्हणजे एका चौरस मीटरवर ४८ किलोग्रॅम वजनाइतका दाब. आता एक गंमत पाहा. एका चौरस मीटरवर एक किलोग्रॅम पाणी पसरले तर त्याची खोली बरोबर एक मिलिमीटर होते. म्हणून ४८ किलोग्रॅमचा दाब म्हणजे पाण्याला ४८ मिलिमीटर, जवळजवळ ५ सेंटिमीटर, उचलून धरणारा दाब!

आता छपराकडे वळू. पाख्याचा उतार ३० अंशांचा असेल, तर ८ सेंटिमीटर तिरपे चढणे म्हणजे ४ सेंटिमीटर सरळ वर चढणे. (३० अंशांच्या काटकोन त्रिकोणात समोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात.) पाण्याला ४ सेंटिमीटर उचलायला ताशी सुमारे ९२ किलोमीटरचा वारा लागतो. पावसाळ्यातला नेहमीचा जोराचा वारा ताशी ४० किलोमीटर धरला तर तो पाण्याला पाऊण सेंटिमीटरच उचलतो. म्हणजे कौलारू छप्पर निर्धास्त. पण तीच कौले १० अंशांच्या सपाट उतारावर घातली तर? आता ८ सेंटिमीटर चढणे म्हणजे जेमतेम १.४ सेंटिमीटर उंची. तेवढ्याला ताशी ५४ किलोमीटरचा वारा पुरतो, आणि असा वारा किनाऱ्यावर दर पावसाळ्यात येतो. कोकणातली कौलारू घरे एवढी उभट का, याचे उत्तर मिळाले ना?

प्रत्यक्षात गणित थोडे सौम्य होते. कौलांच्या फटींतून वारा आतही शिरतो, त्यामुळे आत-बाहेरच्या दाबांतला फरक पूर्ण राहत नाही. उलट पावसाचे थेंब आपटून उडालेले तुषार फटीतून आत येतात, ते वेगळेच. तरी हिशेबाची दिशा बरोबर आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वादळात वळचणीचे पाणी खरोखरच आढ्याकडे निघते.

पत्र्याची नागमोड आणि त्याचा मुलामा

आता मुरब्याला किंवा बोईसरला गेलात तर कौलांच्या बरोबरीने पत्रा दिसेल. पत्रा हलका, पटकन बसतो, मांजराने सरकत नाही, आणि दरवर्षी शाकारावा लागत नाही. निदान तसे वाटते.

पत्रा नागमोडी का असतो? वहीचे एक पान दोन पेल्यांवर आडवे ठेवा. ते आपल्याच भाराने वाकेल. आता त्याच पानाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. त्यावर खोडरबर, पेन्सिल, कदाचित छोटी वाटीसुद्धा राहील. पान तेच, कागद तेवढाच. पण घड्यांमुळे त्याला खोली आली. तुळई आडवी न ठेवता उभ्या कडेवर ठेवली की जास्त भार घेते, तेच हे तत्त्व. लंडनच्या गोदीत काम करणारे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये नागमोडी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा या नागमोडीमुळे माणसाचा भार घेऊ शकतो; मात्र पाय खालच्या आधाराच्या रेषेवरच ठेवायचा.

लोखंड गंजते, म्हणून १८३७ मध्ये सोरेल या फ्रेंच संशोधकाने त्यावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. वितळलेल्या जस्ताच्या, सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या कुंडातून पत्रा काढला की तो दोन्ही बाजूंनी जस्ताने मढतो. हे पाहायला लांब जायला नको. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत जेएसडब्ल्यू स्टील कोटेड प्रॉडक्ट्स या कंपनीचा असे मुलाम्याचे आणि रंगीत पत्रे बनवणारा कारखाना आहे. जस्ताची खुबी अशी की ते लोखंडाआधी स्वतः झिजते. मुलाम्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी शेजारचे जस्त आधी विरघळते आणि लोखंड वाचते.

पण जस्त असते किती? पत्रा विकताना ‘१२० ग्रॅम’ किंवा ‘२७५ ग्रॅम’ असे म्हणतात. म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून तेवढे जस्त. जस्ताची घनता ७.१४ आहे. भागाकार करून पाहा: १२० ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूला सुमारे ८ मायक्रॉन, २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर सुमारे १९ मायक्रॉन. माणसाचा केस याहून कितीतरी जाड असतो! देशावरच्या कोरड्या गावात जस्तावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे एक घट्ट पापुद्रा धरतो आणि झीज फार मंद होते. समुद्राच्या हवेतले मीठ हा पापुद्रा टिकू देत नाही. खारे तुषार सतत लागत असतील तर वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन जस्त जाऊ शकते. म्हणजे नाशिकला वीस वर्षे टिकणारा पत्रा लाटांच्या अगदी कडेला दोन-तीन पावसाळ्यांतच तांबूस दिसू लागला, तर दुकानदाराने फसवलेच असे नाही. कारखान्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात मिसळला तर तोही जस्ताला खातो. ॲल्युमिनियम आणि जस्त यांच्या मिश्रणाचा मुलामा असलेले पत्रे अशा ठिकाणी जास्त टिकतात.

आणखी एक पत्रा आहे, राखाडी, जाड, ज्याला लोक ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. तो गंजत नाही. ऑस्ट्रियातील लुडविग हातशेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून हा बनवला. त्या तंतूंमुळेच त्याला बळकटी येते, आणि तेच तंतू धुळीबरोबर फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने सर्व प्रकारचा ॲस्बेस्टॉस घातक ठरवला आहे आणि पुष्कळ देशांनी त्यावर बंदी घातली आहे. तुमच्या घरावर किंवा शाळेवर असा जुना पत्रा असेल तर तो फोडू नका, करवतीने कापू नका, कोरडा घासू नका. त्याचे तुकडे खेळायला तर मुळीच घेऊ नका.

छप्पर उडते म्हणजे काय होते?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची छपरे गेली, आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी लोकांना पत्रे आणि कौले मिळेनात. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबई आणि पालघरच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले. ते किनाऱ्यावर आदळले गुजरातेत. पण नुसते समोरून जाताना त्याने पालघर जिल्ह्यातही घरांची छपरे उडवली.

वारा तर आडवा वाहतो. मग छप्पर वर कसे जाते?

याची दोन कारणे आहेत. वारा भिंतीवर आपटून वर चढतो आणि वळचणीच्या कडेवरून उडी मारतो. नदीच्या धारेत खडक असला की त्याच्यामागे पाणी पोकळी करते, तसेच इथे होते. कडेमागे आणि आढ्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथले छप्पर वर ओढले जाते. ही ओढ वळचणीला आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त, म्हणून छप्पर नेहमी तिथून उघडू लागते. दुसरे कारण घराच्या आत आहे. वाऱ्याकडचे दार किंवा खिडकी उघडी राहिली अथवा फुटली, तर वारा आत शिरतो आणि फुग्यात भरावी तशी हवा भरतो. मग वरून ओढ आणि खालून ढकल.

हे घरी करून पाहता येते. बुटांचे रिकामे खोके घ्या आणि झाकण न दाबता नुसते वर ठेवा. खोके टेबलपंख्यासमोर ठेवून पंखा पूर्ण वेगाने लावा. आता पंखा बंद करून पंख्याकडच्या बाजूला एक मोठे ‘दार’ कापा आणि पुन्हा लावा. झाकण आधीपेक्षा किती लवकर हलते ते पाहा. मग मागच्या बाजूलाही तेवढेच दार कापा आणि काय फरक पडतो ते वहीत लिहून ठेवा.

आता आपले जुने आकडे काढा. ६ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब घर, पाख्याचा उतार ३० अंश. छपराचे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मीटर. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला ४८ किलोग्रॅमची ओढ धरली, तर सगळ्या छपरावर २६०० किलोग्रॅमहून अधिक. (प्रत्यक्षात ती सगळीकडे सारखी नसते, मधे कमी, कोपऱ्यांत दीडपट-दुप्पट.) कौलारू छपरावर नुसत्या कौलांचे वजन १९०० किलोग्रॅम. शिवाय फटींतून हवा निघून जाते. म्हणून कौलारू छपराची काही कौले निसटतात, फुटतात, पण पूर्ण छप्पर सहसा उडत नाही. पत्र्याचे वजन चौरस मीटरला ५ किलोग्रॅम धरा. एकूण २७५. म्हणजे उरलेला सगळा भार धरायचा कोणी? हुकांनी, खिळ्यांनी आणि खालच्या अँगलला भिंतीशी बांधणाऱ्या बोल्टांनी. पत्र्याचे छप्पर वजनाने बसलेले नसते, ते बांधून ठेवलेले असते.

आणि तिथेच खारी हवा घात करते. पत्र्याला भोक पाडले की तिथला मुलामा जातो. हुकाभोवती पाणी साचते, मीठ साचते. पत्रा वरून चांगला दिसत असतो आणि हूक आतून सुतळीएवढा बारीक झालेला असतो. त्यावर उपाय म्हणून लोक पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवतात. दहा किलोग्रॅमचा दगड किती चौरस मीटर पत्रा धरून ठेवील, हे आता तुम्हीच सांगा! ४८ किलोग्रॅमच्या ओढीपुढे तो एका हातभर तुकड्यालाही पुरत नाही. पत्रा सुटला की दगड खाली येतो, आणि खाली माणसे असतात. उडणारा पत्रा तर तलवारीसारखा असतो. वादळात घराबाहेर पडू नये याचे ते एक मोठे कारण आहे.

मग जड छप्परच बरे का?

तसे म्हणता येत नाही, आणि याचा पुरावाही पालघर जिल्ह्यातच आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. मोठ्यात मोठे धक्के साधारण ४ महत्तेचे. पण ते इतक्या वेळा येत की भिंतींना तडे गेले आणि लोक थंडीच्या दिवसांत घर सोडून तंबूत झोपू लागले. भूकंपात जमीन आडवी हलते. छप्पर जितके जड, तितके त्याला भिंतीबरोबर हलवायला जास्त बळ लागते, आणि ते बळ भिंतीला द्यावे लागते. भिंत कमजोर असली की ती ढासळते आणि छप्पर खाली येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरची मातीची जाड धाबी कोसळून. अर्धा मीटर जाडीच्या मातीच्या धाब्याचे वजन चौरस मीटरला ८०० किलोग्रॅमच्या आसपास होते. त्यापुढे आपली कौले काहीच नाहीत.

म्हणजे वादळ म्हणते छप्पर जड हवे, भूकंप म्हणतो हलके हवे. एकाच जिल्ह्याला दोघांचेही ऐकावे लागते! माझ्या मते भांडण वजनाचे नाहीच, ते सांध्यांचे आहे. कौल असो वा पत्रा, ते रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला अशी बांधलेली हवीत की बळ खालून वर आले तरी साखळी तुटू नये आणि आडवे आले तरी सुटू नये. कौलाच्या मागचे ते छोटे भोक आठवते? त्यातून तार ओवून कौल रिपेला बांधता येते. सगळी कौले बांधायची गरज नसते. वळचणीच्या दोन ओळी, कोपरे आणि आढ्याजवळची ओळ बांधली तरी वादळाला सुरुवात करायला जागा मिळत नाही. आढ्यावरची मोठी कौले, म्हणजे कोने, चुन्यात किंवा सिमेंटात घट्ट बसवतात ते याचसाठी. वासा भिंतीवर नुसता टेकवलेला असेल तर लोखंडी पट्टी भिंतीत गाडून वाशावरून वळवून घेतात. किनाऱ्यावर काही ठिकाणी छपरावरून जुने जाळे पसरून त्याचे दोर खाली खुंट्यांना बांधतात. ही युक्ती दगडांपेक्षा कितीतरी शहाणी आहे. दगड एका जागी भार देतो. जाळे ओढ सगळीकडून गोळा करते आणि जमिनीला देते. होडी नांगरणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पत्र्याच्या छपरावर काय पाहायचे? हूक नागमोडीच्या उंचवट्यावर असावा, खोलगट भागात नव्हे. पाणी खोलगट भागातून वाहते, म्हणून तिथे भोक पडले की गळती ठरलेली. वॉशर तडकलेला नसावा. मधल्या भागापेक्षा वळचणीला आणि कोपऱ्यांना हूक जवळजवळ असावेत. गंजलेला हूक नुसता रंगवू नये, बदलावा. आणि पत्रे बसवताना सुरुवात कोणत्या टोकाने करायची, हेही वाऱ्याला विचारून ठरवायचे असते. शेजारच्या पत्र्यावर चढलेली कड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तोंड करून राहिली पाहिजे. नाहीतर वारा तिच्याखाली बोट घालतो. मुरब्याला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. घराचे आढे दक्षिणोत्तर असेल तर पहिला पत्रा उत्तरेच्या टोकाला टाकायचा आणि दक्षिणेकडे सरकत यायचे. प्रत्येक नवा पत्रा आधीच्या पत्र्यावर चढत येतो आणि वरची कड उत्तरेकडे वळलेली राहते. तुमचे आढे पूर्व-पश्चिम असेल तर पहिला पत्रा कोणत्या टोकाला येईल, ते कागदावर काढून पाहा.